सारख्या मापाच्या होड्या

एकोणिसाव्या शतकात शिडाच्या होड्यांची शर्यत ही बरीचशी पैशाची शर्यत झाली होती. ऐपत असलेला माणूस नवी, अधिक वेगवान होडी बांधून घेई आणि इतरांच्या धडधाकट होड्या एकाएकी जुन्या ठरत. डब्लिनच्या दक्षिणेला शँकिलच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या थॉमस मिडल्टन यांना हे पटेना. १८८६ साली त्यांनी आसपासच्या हौशी मंडळींपुढे सूचना मांडली: सगळ्यांनी एकाच आराखड्यावरून होडी बांधायची, शीडही सारखंच ठेवायचं. मग कस लागेल तो फक्त होडी हाकणाऱ्याचा. पुढच्याच वर्षी ‘वॉटर वॅग’ होड्या पाण्यात उतरल्या. एकाच आराखड्याच्या होड्यांचा हा जगातला सर्वांत जुना वर्ग मानला जातो.

ती पहिली होडी १३ फुटांची, दोन्ही टोकांना निमुळती. किनाऱ्यावरून ती हातांनी ओढून पाण्यात न्यायची, म्हणून आटोपशीर. वारा आडवा असला की होडी बाजूला सरकते. ते रोखायला मधल्या फटीतून लोखंडी पत्रा पाण्यात सोडायचा आणि उथळ पाणी आलं की वर घ्यायचा.

पुढे शर्यती किंग्जटाउनच्या बंदरात रुजल्या. त्या गावाला आज डन लेअरी म्हणतात. तिथे होडी किनाऱ्यावरून हातांनी ओढायची नव्हती, म्हणून आता मोठी होडी परवडणार होती. १९०० साली नवा आराखडा आला, १४ फूट ३ इंचांचा, मागची बाजू सपाट. तो काढला मेमी डॉइल हिने, तिथले होडीबांधणी करणारे जे. ई. डॉइल यांच्या मुलीने. मला या साऱ्या कहाणीत तिचंच मोल सर्वाधिक वाटतं. नौकानयनाच्या जगात बायकांना फारसं कुणी विचारत नव्हतं, त्या काळात एका तरुणीने आखलेल्या रेषा सव्वाशे वर्षं कुणाला बदलाव्याशा वाटल्या नाहीत. मिडल्टन यांच्या नियमाला टिकाऊ देह दिला तो तिने.

फळीच्या कडेवर फळी चढवून, तांब्याच्या खिळ्यांनी जोडून ही होडी बांधतात. नवी होडीही लाकडाचीच, त्याच आराखड्याची. त्यामुळे वयाने कुणी बाद होत नाही. उन्हाळ्यात बुधवारी संध्याकाळी डन लेअरीच्या बंदरात शंभरी ओलांडलेल्या होड्या नव्या होड्यांशी एकाच रेषेवरून शर्यतीला सुटतात आणि त्या पुढे गेल्या, तर त्यात कुणाला नवल वाटत नाही.