शुश्रूषा आणि रुग्णाची अदब

सन्मानाने मरण्याच्या हक्काची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. सन्मानाने रुग्णशय्येवर पडून राहण्याच्या हक्काचा विचार मात्र फारसा होत नाही. वस्तुतः दोन्ही प्रश्न एकाच खोलीतून पुढे आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच झालेल्या पाशवी हल्ल्यानंतर शुद्ध हरपून बसल्या आणि १८ मे २०१५ पर्यंत तेथेच होत्या. दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. पिंकी विराणी यांनी ती करुणेपोटीच केली होती. परंतु परिचारिकांनी तिला ठाम विरोध केला.

त्या विरोधाच्या युक्तायुक्ततेबद्दल मतभेद संभवतात. त्यांच्या कामाबद्दल मात्र संभवू नयेत. इतक्या वर्षांत रुग्णाच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिला नाही, ही गोष्ट न्यायालयासमोरही आली. शय्याव्रण टाळायचा म्हणजे रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, अंग कोरडे ठेवायचे, चादरीची चुणीदेखील पाठीखाली राहू द्यायची नाही. ही सेवा जिच्यासाठी चालली होती तिला तक्रार करता येत नव्हती आणि आभारही मानता येत नव्हते.

आता मावळातील आंबीसारख्या गावातून पुण्याच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात आणलेल्या वृद्ध शेतकऱ्याची कल्पना करावी. ज्यांच्यासमोर सुनांनी डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही, ते आजोबा येथे ‘सोळा नंबर’ होतात. शौचाचे भांडे भर वॉर्डात मागावे लागते, आणि ते द्यायला पुष्कळदा सूनच उभी असते! म्हणून कित्येक वृद्ध पाणीच कमी पितात. रुग्णाची लाज ही अशी थेट प्रकृतीवर उठते.

दोष एकट्या परिचारिकेच्या माथी मारणे सोपे आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ आणि सर्वसाधारण रुग्णालयात ५ मागे १ परिचारिका हवी. रात्रपाळीत जिच्यावर अख्खा वॉर्ड सोपविलेला असतो, तिच्याकडून केईएमच्या त्या खोलीतील निगुतीची अपेक्षा कशी धरावी? पदे भरणे हे शासनाचे आणि व्यवस्थापनांचे काम आहे, आणि ते टाळता येणार नाही. तोवर आजोबांना नावाने हाक मारणे, अंगावरची चादर दूर करण्यापूर्वी त्यांना तसे सांगणे, एवढे त्या एकटीलाही जमेल. खाटेभोवती ओढायला पडदा मात्र आधी कोणीतरी पुरविला पाहिजे.