सहा कार्डं, तीन बिघाड आणि एक वही



रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरला आपण सगळेच 'व्हेरिएबल' आणि 'कंट्रोल' यांच्या व्याख्या पाठ करतो. मीही केल्या होत्या, मार्कही बरे पडले होते. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं, हे मला कळलं ते नाशिकला मामाच्या घरी, माळ्यावरच्या एका मायनिंग रिगसमोर बसून. आज तीच गोष्ट सांगते. तुम्हाला मायनिंग करायचं नसेल (करा असं मी म्हणतही नाही), तरी ग्राफिक्स कार्डांवर सिम्युलेशन किंवा मशीन लर्निंग करणार असाल तर यातलं बरंच काही थेट उपयोगी पडेल.

साल २०२१, उन्हाळा. लॉकडाऊनमुळे लॅब बंद होती आणि मी मामाकडे अडकले होते. माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, इथेरियमच्या मायनिंगसाठी रिग उभी केली होती. स्लॉटेड अँगलची फ्रेम, सहा स्लॉटचा मदरबोर्ड आणि जीटीएक्स १६६० सुपर जातीची सहा कार्डं. पैसे आले होते मामीच्या पाटल्या तारण ठेवून. हप्ता दर महिन्याला भरायचा होता, त्यामुळे एक कार्ड बंद पडलं तरी घरात शांतता नसायची.

महिनाभर सगळं ठीक चाललं. मग एका सकाळी सहाऐवजी पाचच कार्डं दिसायला लागली.

दादाने काय केलं

आपण सगळे जे करतो तेच. सगळी कार्डं काढून पुसून परत बसवली, वायरी उलटसुलट केल्या, ड्रायव्हर नवा टाकला, मदरबोर्डची बॅटरी काढून बायॉस रीसेट केलं. हे सगळं एकाच दुपारी, आणि कुठे काही लिहून न ठेवता. संध्याकाळी मशीन चालू केलं तर चारच कार्डं! शिवाय दर पाच-सहा तासांनी सगळंच हँग व्हायला लागलं. फोनवर एका दुरुस्तीवाल्याने कार्ड न बघताच सांगितलं, "चिप गेली, पाठवून द्या." दादा पाचवं कार्ड खोक्यात भरायला निघाला होता.

"थांब," मी म्हटलं, "कार्डच गेलंय हे कशावरून?"

"अगं, तेच तर दिसत नाहीये ना!"

दिसत नाही हे आपलं निरीक्षण झालं. कार्ड गेलं, हा त्यातून काढलेला निष्कर्ष. या दोघांच्या मध्ये चार-पाच गोष्टी उभ्या असतात आणि त्यातली कुठलीही दोषी असू शकते.

आधी साखळी समजून घ्या

घरगुती रिगमध्ये कार्ड थेट मदरबोर्डवर बसत नाही, तेवढी जागाच नसते. मध्ये रायझर असतो. मदरबोर्डच्या छोट्या स्लॉटमध्ये एक पट्टी, तिथून यूएसबीसारखी दिसणारी केबल (तिच्यातून यूएसबी सिग्नल जात नाही, पीसीआय-एक्सप्रेसचा जातो) आणि दुसऱ्या टोकाला लांब स्लॉट असलेली पाटी. या पाटीला वीज वेगळी द्यावी लागते. म्हणजे साखळी अशी: स्लॉट, केबल, रायझर, रायझरची वीज, कार्ड, कार्डाची वीज, बायॉस, ड्रायव्हर आणि शेवटी मायनिंगचा प्रोग्राम.

मी एक दोनशे पानी वही घेतली आणि पहिल्यांदा फक्त मोजलं. काहीही न बदलता, तीन ठिकाणी मोजलं.

एक, लिनक्सच्या एलएसपीसीआय या कमांडने. मदरबोर्डला विजेच्या पातळीवर कोणकोणती उपकरणं जाणवतात ते ती सांगते. उत्तर आलं पाच.

दोन, एनव्हीडिया-एसएमआयने. ड्रायव्हरने ताब्यात घेतलेली कार्डं ती दाखवते. उत्तर आलं चार.

तीन, मायनिंगच्या प्रोग्राममध्ये. तिथेही चार.

आता हे आकडे नीट बघा. सहाची पाच झाली ती वाटेत, आणि पाचाची चार झाली ती ड्रायव्हरच्या दारात. हरवलेली कार्डं दोन, पण हरवण्याच्या जागा वेगवेगळ्या. म्हणजे बिघाडही बहुधा दोन वेगवेगळे. दादा दिवसभर दोन रोगांवर एकच औषध शोधत होता. एक बिघाड दुरुस्त झाला असता तरी दुसऱ्यामुळे त्याला वाटलं असतं, काहीच फरक पडला नाही.

नावं द्या, नंबरांवर विसंबू नका

मोजल्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या. कार्डांना क-१ ते क-६, रायझरना र-१ ते र-६, स्लॉटना स-१ ते स-६. हे शाळकरी वाटेल, पण याच्याशिवाय पुढचं शक्यच नव्हतं. कारण प्रोग्राम कार्डांना जे नंबर देतो ते मदरबोर्डवरच्या पत्त्यांच्या क्रमाने असतात. मधलं एक कार्ड गायब झालं की पुढच्या सगळ्यांचे नंबर सरकतात. काल हँग झालेलं 'कार्ड तीन' आणि आज हँग झालेलं 'कार्ड तीन' ही दोन वेगळी कार्डं असू शकतात. प्रत्येक कार्डाला स्वतःचा कायमचा यूयूआयडी असतो, तो वहीत चिठ्ठीशेजारी लिहिला. कुठला यूयूआयडी कुठल्या कार्डाचा हे ओळखायला एकेका कार्डाचा पंखा पूर्ण वेगाने फिरवून कान लावून ऐकलं.

तुमच्या प्रयोगातही नमुन्यांना असंच कायमचं नाव द्या. 'डावीकडून दुसरा' हे नाव नव्हे, ती फक्त आजची जागा आहे.

अदलाबदल

पाचवी जागा रिकामी दिसत होती. तिथे होते क-५, र-५ आणि स-५. दोषी कोण? (प्रत्येक वेळी मशीन बंद करून, भिंतीवरचं बटण बंद करूनच हात लावायचा, हे वेगळं सांगायला नको.)

पहिली अदलाबदल: क-५ आणि क-२ यांच्या जागा बदलल्या, बाकी सगळं जिथल्या तिथे. आता क-५ दिसायला लागलं आणि क-२ गायब! म्हणजे कार्ड चांगलं. दादाने खोकं बाजूला ठेवलं.

दुसरी अदलाबदल: र-५ आणि र-२ यांचे स्लॉट बदलले. गायब होण्याचा प्रकार स-५ सोडून स-२ वर आला. दोष रायझरच्या मागे गेला, स्लॉटपाशी थांबला नाही. म्हणजे र-५ खराब. दुकानदाराने पाकिटात एक जादा रायझर दिला होता, तो लावल्यावर एलएसपीसीआयने सहा दाखवली.

दोन अदलाबदलीत तीन संशयितांपैकी एक पकडला गेला. बिघाड कोणाबरोबर हलतो ते बघणं, एवढंच यात केलं. एका वेळी एकच वस्तू हलवली म्हणून हे उत्तर मिळालं. दोन हलवल्या असत्या तर कार्ड दिसलं असतं, पण कोणामुळे ते कळलं नसतं.

चार आणि सहा

ड्रायव्हर अजून चारच मानत होता. कर्नलच्या लॉगमध्ये तक्रार होती की उरलेल्या दोन कार्डांचा पत्त्यांचा पट्टा अवैध आहे. प्रत्येक कार्डाला स्वतःच्या मेमरीशी बोलण्यासाठी मदरबोर्डकडून पत्त्यांची जागा हवी असते. चार गिगाबाइटच्या खालची जागा मर्यादित असते, बरीच कार्डं लावली की ती पुरत नाही. म्हणून बायॉसमध्ये 'अबव्ह फोर-जी डिकोडिंग' नावाचा पर्याय असतो, तो चालू केला की वरची मोठी जागा वापरता येते.

दुकानदाराने तो चालू करून दिला असणार. दादाने बॅटरी काढली तेव्हा तो परत बंद झाला.

चालू केला, सहा कार्डं आली. इथे दादा टाळी द्यायला पुढे आला. मी म्हटलं, आता परत बंद कर. तो वैतागला, पण केलं. परत चार. पुन्हा चालू, सहा. हा आग्रह महत्त्वाचा आहे. कारण सापडलं असं तेव्हाच म्हणायचं, जेव्हा ते काढलं-घातलं की बिघाड येतो-जातो. नाहीतर आपण बटण दाबलं आणि योगायोगाने पाऊस आला, यातला प्रकार.

मामीचं निरीक्षण

तिसरा बिघाड सगळ्यात चिवट होता: पाच-सहा तासांनी हँग होणं. लॉगमध्ये दर वेळी एक्सआयडी ७९ ही नोंद यायची. तिचा अर्थ, कार्ड बसवरून पडलं, म्हणजे मदरबोर्डचा त्याच्याशी संपर्कच तुटला. याची कारणं अनेक असतात: वीज, उष्णता, सैल जोड, अति ओव्हरक्लॉकिंग. चार वेळा हँग झालं, चारही वेळा पडलेल्या कार्डाचा यूयूआयडी वहीत लिहिला. आली दोनच कार्डं, आलटून पालटून. या दोघांत समान काय, हे शोधत असताना मामी खालून म्हणाली, "मी परवापासून सांगतेय, माळ्यावर काहीतरी करपल्यासारखा वास येतोय. माझं कोण ऐकतंय!"

खरंच सांगितलं होतं तिने. लॉगमध्ये नव्हतं म्हणून आम्ही ते निरीक्षण मानलंच नाही.

दोन्ही कार्डांचे रायझर एकाच साटा केबलवर होते. वायरी परत जोडताना दादाने रायझरच्या पाकिटातले साटाचे अ‍ॅडॉप्टर वापरले होते. एकाचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वाकलं होतं. आता हिशेब करा. पीसीआय-एक्सप्रेस स्लॉटमधून कार्ड ७५ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतं. साटाच्या जोडाला १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर, म्हणजे एकूण साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. रायझर ७५ मागू शकतो आणि जोड ५४ चा. त्यात एका केबलवर दोन. माळ्यावर शेजारीच गोधड्यांचा गठ्ठा होता. बातमी वेगळी झाली असती.

अ‍ॅडॉप्टर कचऱ्यात टाकले. रायझरना एसएमपीएसमधून निघणाऱ्या सहा पिनांच्या केबलने वीज दिली. शिवाय प्रत्येक कार्डाची मर्यादा १२५ वॅटवरून ८० वर आणली. इथेरियमचं तेव्हाचं मायनिंग मुख्यतः मेमरीच्या वेगावर चालायचं, त्यामुळे हॅशरेट फारसा पडला नाही. (इथे मी एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, हे तुमच्या लक्षात आलं असेल. घराला आग लागण्याची भीती असेल तेव्हा आधी सुरक्षा, मग शुद्ध प्रयोग. पण वहीत तसं लिहून ठेवलं.)

'झालं' कधी म्हणायचं?

पाच तास नीट चाललं आणि दादा म्हणाला, "झालं गं!"

नाही झालं. मशीन सरासरी सहा तासांनी हँग होत होतं. बिघाड तसाच असेल आणि तो यादृच्छिकपणे येत असेल, तर सहा तास नुसत्या नशिबाने निघून जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. बारा तासांना ती साडेतेरा टक्के होते, अठरा तासांना ५, चोवीस तासांना २ च्या आत. म्हणून नियम केला की सरासरी अंतराच्या निदान तिप्पट वेळ थांबायचं. आम्ही चोवीस तास थांबलो. ते निघाले, तेव्हा वहीत 'बरा' असं लिहिलं.

शेवटी हिशेब मांडला. तीन बिघाड, त्यातला मूळचा एकच: रायझर. उरलेले दोन आपणच त्या दुपारी दुरुस्तीच्या नादात आणलेले. दादा बराच वेळ वहीकडे बघत बसला.

तुमच्यासाठी

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडली आणि अशा घरगुती रिगांचं काम एका दिवसात गेलं. तोवर पाटल्या सुटल्या होत्या. दादाने चार कार्डं विकली, दोन माझ्या मशीनमध्ये आहेत. तुमच्यापैकीही काहीजण मायनिंगमधली सेकंडहँड कार्डं घेतील, म्हणून एक शेवटची गोष्ट.

मायनिंगमध्ये कार्डाने चुकीचं उत्तर दिलं तर पूल ते तपासून नाकारतो, नाकारलेल्यांचा आकडा समोर दिसतो. तुमच्या सिम्युलेशनला असा पूल नाही. या घरगुती कार्डांच्या मेमरीत चूक पकडणारी ईसीसी सोयही नाही. ओव्हरक्लॉक केलेली मेमरी मशीन हँग न करता एखादा आकडा गुपचूप बदलू शकते, आणि तो आकडा तुमच्या प्रबंधात जाऊन बसतो. म्हणून अशी कार्डं आली की आधी मूळ वेगावर आणा. मग ज्याचं उत्तर पक्कं माहीत आहे असं एक गणित प्रत्येक कार्डावर वेगवेगळं, रात्रभर, पुन्हा पुन्हा चालवा आणि उत्तरं ताडून बघा. पुढेही दर महिन्याला एकदा करा.

आणि वही घ्या. एका ओळीत चार रकाने: काय दिसलं, काय बदललं, काय होईल असं वाटतंय, काय झालं. तिसरा रकाना बदल करण्याआधी भरायचा, तोही पेनाने.