कट्टा, डबा आणि वही

नवी पेठ ही सोलापूरकरांची कपड्यालत्त्याची पेठ. लग्नाचा बस्ता असो की दिवाळीची खरेदी, पाय इकडेच वळतात. पण या पेठेच्या बोळांत माणसं राहतातही, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अरुंद जिन्यांवरून किराण्याच्या पिशव्या वर चढत असतात. आमच्याही चढतात. वाणसामानाची वही मी बरीच वर्षं लिहिते आहे, आणि या वहीनं माझे पक्के वाटणारे कितीतरी समज मोडले. शेजारपाजारच्या बायका अजून त्याच समजांपायी कष्टाचे पैसे घालवतात तेव्हा जीव तुटतो.

गैरसमज : मोठं घेतलं की स्वस्तच पडतं

हा समज अर्धा खरा आहे, म्हणूनच तो जास्त फसवतो. तेलाच्या डब्याचं घ्या. दुकानात दोन डबे शेजारी शेजारी असतात, उंची सारखी, पत्रा सारखा, दोन्हींवर ‘15’ हा आकडा. एकावर पुढे किलो लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर लिटर. तेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात तेल सुमारे 13 किलो 650 ग्रॅम. 15 किलोच्या डब्यापेक्षा जवळपास 1 किलो 350 ग्रॅम कमी. तेल 150 रुपये किलो धरलं तर हा दोनशे रुपयांचा फरक झाला. “वैनी, हा डबा शंभरानं स्वस्त आहे,” असं ऐकून मी दोन दिवाळ्या लिटरचा डबा उचलला होता. वहीत वजन लिहायला लागले तेव्हा कळलं, की शंभर वाचवताना दर खेपेला तितकेच वरून जात होते.

पिशवीच्या तेलाचंही तेच. तेल, चहा, बिस्किटं, आटा असल्या वस्तू पूर्वी ठरावीक वजनांतच विकायचं बंधन होतं. ते 2022 मध्ये निघालं. आता एक लिटरसारखी दिसणारी पिशवी 800 ग्रॅमची असू शकते, 750 चीही. त्याच सुमाराच्या नियमांनी ग्राहकाला एक हत्यारही दिलं. पाकिटावर एकूण किमतीबरोबर दर ग्रॅमला किंवा दर किलोला किती पडतं, तेही छापावं लागतं. अक्षरं बारीक असतात, पण बघायची ती तीच. ती बघायला लागलं की आणखी एक गंमत कळते. शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी पुष्कळदा मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडते.

शिवाय घरात जास्त आलं की हात सैल होतो, हा माझा वहीतला अनुभव. बिस्किटांचा मोठा पुडा लहान पुड्याइतकेच दिवस पुरतो. फरसाणही तसंच. मीठ मात्र कोणी जास्त खात नाही, आणि अंगाचा साबण तर कोरडा राहिला की जास्तच टिकतो. एकगठ्ठा घ्यायचं ते असलं.

गैरसमज : वर्षाचं एकदम भरलं की वर्षभर निश्चिंती

आपल्या आज्या-पणज्या असं भरत, पण सगळं भरत नव्हत्या. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, तेव्हा ती पेवात किंवा कणगीत जाई. मंगळवेढ्याची ज्वारी, मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रात निवडलेलं मालदांडी 35-1 हे वाण, हे आपल्या जिल्ह्याचं धन आहे. सोलापुरात राहून ज्वारी दर महिन्याला पाच-पाच किलो घेणं म्हणजे विहिरीकाठी बसून पाणी विकत घेण्यासारखं आहे. हंगामात घ्यावी, दोन कडक उन्हं द्यावीत, पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला. एका मोठ्या पिंपापेक्षा चार लहान डबे बरे, एकाला सोंडे लागले तर तीन वाचतात. बोरिक पावडर चोळायची रीत काही घरांत अजून आहे. ती सोडावी, ते खायच्या वस्तूत घालायचं द्रव्य नव्हे.

पण ज्वारीचा नियम पिठाला लागू नाही. पंधरा-वीस दिवसांत पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, चवीला कडवटपणा येतो. दळण आठ-दहा दिवसांचंच. शेंगदाण्याबद्दल तर मी हात जोडून सांगते. चटणी आपल्या रक्तात आहे म्हणून कोणी दहा किलो दाणे पावसाळ्यात भरून ठेवू नये. ते खवट होतात आणि ओल लागली की बुरशी धरतात. त्या बुरशीचं विष भाजल्यानं जात नाही. काळपट, सुरकुतलेले दाणे निवडून फेकावेत, पाखडून परत डब्यात घालू नयेत.

आणि तूरडाळ? तूर डिसेंबरपासून निघते, कलबुर्गी आणि लातूर आपल्याला जवळ, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत डाळ घेणं बहुतेक वर्षी शहाणपणाचं. पण भाव चढल्यावर घाबरून भरणं हे वेगळं प्रकरण आहे. 2015 च्या दिवाळीच्या सुमारास डाळ किलोला 200 रुपयांपर्यंत गेली, 2024 मध्ये पुन्हा दीडशेच्या वर. तेव्हा धास्तीनं ज्यांनी वर्षाची डाळ घेतली, त्यांच्या डब्यात 2025 मध्ये भाव उतरल्यावरही महागाचीच डाळ होती. चढत्या भावात महिन्यापुरतं घ्यावं, वरणाला मूग, मसूर, मटकी आहेतच.

गैरसमज : पाकिटातलं चांगलं, सुटं म्हणजे कमी प्रतीचं

18 जुलै 2022 पासून छापील वेष्टनातल्या धान्य, डाळी आणि पिठांवर 5 टक्के जीएसटी लागतो. सुट्या मालावर तो नाही, आणि 25 किलोपेक्षा मोठ्या पोत्यावरही नाही. बाजारात 26 किलोच्या तांदळाच्या पिशव्या दिसायला लागल्या त्या यामुळेच. भुसार दुकानात धान्य ओंजळीत घेऊन बघता येतं, वास घेता येतो, एखादा दाणा दाताखाली फोडता येतो. पाकिटाची सवय तेल आणि दळलेला मसाला यांच्यापुरती ठेवावी, तिथे भेसळ डोळ्यांना दिसत नाही.

गैरसमज : बजेट म्हणजे पोट मारणं

2023-24 च्या सरकारी खर्च-सर्वेक्षणात शहरी माणसाच्या खर्चातला सुमारे 40 टक्के वाटा अन्नाचा आला. त्या अन्नात सगळ्यांत मोठा वाटा कशाचा? पेयं आणि तयार पदार्थांचा. धान्य त्याच्या पुष्कळ मागे. आपण मात्र हात आखडायची वेळ आली की आधी डाळ-तांदूळ तोलतो, दूध कमी करतो. हे मला फार लागतं, कारण त्यात ताटातलं कमी होतं ते बहुतेक वेळा घरच्या बाईच्याच. एक महिना वहीत नुसतं लिहावं, काही कमी न करता. काय गळतंय ते वही दाखवते.

गैरसमज : घाऊक खरेदी पगारदारांनीच करावी

हजार विड्यांवर मजुरी मोजून घेणारी, किंवा मागावरच्या आठवड्याच्या पगारावर घर चालवणारी बाई कट्टा, म्हणजे धान्याचं अख्खं पोतं, कुठून घेणार, असं विचारतात. प्रश्न खरा आहे. पाव किलो साखर, दहा रुपयांचा चहा असं घेताना तिलाच किलोमागे सगळ्यांत जास्त मोजावं लागतं. हा अन्याय आहे. पण त्यावरची वाट महाराष्ट्रानं पन्नास वर्षांपूर्वीच काढली आहे. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक चळवळीतून 1975 च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी भरून द्यायची, माल घाऊक भावात एकत्र आणायचा आणि एकाच्या घरी सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. ना दुकान, ना जाहिरात. हजारो मध्यमवर्गीय घरं त्यावर चालली.

आमच्या जिन्यात आम्ही तीन बिऱ्हाडं गेली काही वर्षं हे छोट्या प्रमाणावर करतो. तेलाचा डबा, साखर, हंगामात ज्वारी. तराजू मधल्या मजल्यावरच्या काकूंचा. पैसे माल यायच्या आधी जमा, उधारी नाही, कारण उधारीनं शेजार तुटतो. तिसऱ्या बिऱ्हाडाची कमाई आठवड्याची आहे, म्हणून त्यांचा ज्वारीचा हिशोब आम्ही नोव्हेंबरपासून मांडतो. किलोला 40 रुपये धरले तर क्विंटलचे 4000. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सतरा आठवडे, म्हणजे आठवड्याला सुमारे 240 रुपये. ते काकूंच्या डब्यात पडतात, वहीत तारीख लिहिली जाते, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात गच्चीवर तीन चादरींवर ज्वारी वाळत असते.