एका यंत्रांत अनेक बिऱ्हाडें

नाशिकच्या जुन्या वाड्यांत एकाच चौकाभोवतीं चार-चार बिऱ्हाडें नांदत. विहीर सामाईक, दिंडीदरवाजा सामाईक. पण चुली निराळ्या. संगणकांतहि अशी व्यवस्था करतां येते. एकाच यंत्रावर अनेक ‘पाहुणे’ सर्व्हर आपापला संसार थाटतात, व त्यांची वांटणी करणाऱ्या प्रणालीस हायपरव्हायजर म्हणतात. आय. बी. एम. कंपनीनें आपल्या अवाढव्य यंत्रांकरितां ही सोय १९७२ सालींच दिली होती. मेजावरच्या साध्या संगणकाच्या प्रोसेसरांत तिला लागणारें साहाय्य इंटेलनें २००५ सालीं घातलें, आणि पुढल्या वर्षीं ए. एम. डी. नें.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल थांबली. पुढील आवृत्तीस अपात्र ठरलेलें, पण धडधाकट असें यंत्र घरीं असल्यास तें भंगारांत देण्यापूर्वीं विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं थोडा विचार करावा. सर्व्हर चालविण्याची विद्या शिकण्यास तें पुरेसें आहे.

परंतु हायपरव्हायजर निवडावा कोणता? व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयचा मोठ्या कचेऱ्यांत फार मान, आणि त्याची एक आवृत्ति पुष्कळ वर्षें विनामूल्य मिळे. नोव्हेंबर २०२३ मध्यें ब्रॉडकॉमनें ती कंपनी विकत घेतली व फेब्रुवारी २०२४ मध्यें ही सवलत बंद केली. एप्रिल २०२५ मध्यें ती पुन्हां सुरू झाली खरी. तथापि मालकाच्या मर्जीवर मिळालेली ओसरी ती! शिवाय २०२० च्या सातव्या आवृत्तीपासून कित्येक स्वस्त नेटवर्क कार्डें त्याला चालेनाशीं झालीं.

याउलट केव्हीएम हा २००७ च्या आरंभीं लिनक्सच्या गाभ्यांतच सामील झाला. त्याचा परवाना मुक्त असल्यामुळें एकदां हातीं आलेली आवृत्ति कोणास परत घेतां येत नाहीं. यंत्र केवळ सर्व्हरांसाठींच ठेवावयाचें असेल, तर केव्हीएमवर उभारलेली, व्हिएन्ना येथील प्रॉक्समॉक्स ही व्यवस्था मला सर्वांत सोयीची वाटते. मात्र ती बसवितांना डिस्कवरचें सर्व कांहीं पुसलें जातें, हें वडील मंडळींचीं छायाचित्रें गमावण्यापूर्वींच ध्यानांत घ्यावें. रोजच्या वापरांतल्या यंत्रावर ओरॅकलचें व्हर्च्युअलबॉक्स बरें.

खरी टंचाई पडते ती मेमरीची. ८ गिगाबाइटांपैकीं निदान २ घरमालकास लागतात. उरलेल्या ६ मध्यें प्रत्येकीं १ गिगाबाइट घेणारे, चित्रमय पडदा नसलेले चार लिनक्स पाहुणे सुखानें राहतात. दहा कोंबले, तर मेमरीचें काम डिस्कवर ढकललें जाऊन सारेंच यंत्र रखडतें. याहूनहि काटकसर हवी असेल तर कंटेनर वापरावेत. त्यांत पाहुण्यास स्वतंत्र चूल नसते, घरमालकाच्याच चुलीवर त्याचें भांडें चढतें. म्हणून तेथें विंडोज राहूं शकत नाहीं.

आरंभ करण्यापूर्वीं यंत्राच्या बायॉसमध्यें व्हर्च्युअलायझेशनची कळ चालू आहे कीं नाहीं तें पाहावें. ती पुष्कळदां बंदच असते. आणि डिस्क एकच असली तर ती बिघडतांच सगळे पाहुणे एकदम जातात, याकरितां त्यांच्या प्रती दुसऱ्या डिस्कवर काढून ती डिस्क यंत्रापासून दूर ठेवावी.