पत्त्यावरची खूण

२०२५ च्या नोव्हेंबरात मला एक ई-मेल आला. निवृत्तिवेतनधारकांनी हयातीचा दाखला त्वरित अद्ययावत करावा, अन्यथा पुढील महिन्याचे निवृत्तिवेतन थांबेल, असा त्याचा आशय होता. राजमुद्रा जागच्या जागी, आणि भाषा इतकी सरकारी की मला माझ्याच जुन्या कचेरीची आठवण झाली. नोव्हेंबर हा आम्हा निवृत्तांचा हयातीच्या दाखल्याचा महिना, त्यामुळे शंका यावी असे काही नव्हते. बोट दुव्यावर गेलेच होते, तेवढ्यात पत्र कोणत्या पत्त्यावर आले आहे याकडे लक्ष गेले. तो पत्ता मी निवृत्तिवेतन कार्यालयाला कधी दिलेलाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेला तो दिला होता, आणि फक्त तिलाच.

ई-मेलच्या पत्त्यात आपल्या नावानंतर आणि ‘अ‍ॅट’च्या चिन्हापूर्वी अधिकचे चिन्ह देऊन एखादा शब्द जोडता येतो. जीमेल, आउटलुक यांसारख्या सेवा पत्र पोचवताना त्या जोडशब्दाकडे दुर्लक्ष करतात. पत्र आपल्या नेहमीच्याच पेटीत येते, पण पत्त्यावर तो शब्द कायम राहतो. विमा कंपनीला दिलेल्या पत्त्यात मी ‘विमा’ असे रोमन लिपीत जोडतो, औषधांच्या दुकानासाठी ‘औषध’. नवे खाते लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. अमुक खुणेचे टपाल अमुक कप्प्यात टाकावे, एवढा नियम पेटीला एकदा सांगून ठेवला की पुरते.

ही युक्ती मला नवी वाटली नाही. नोकरीची पहिली वर्षे जिल्हा कार्यालयात गेली. तेथे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर जावक क्रमांकाबरोबर शाखेचे संक्षिप्त अक्षर असे. उत्तरात तो संदर्भ आला की पत्र कोणत्या टेबलावर जायचे, हे कालच रुजू झालेल्या कारकुनालाही कळे. अभिलेखागारात जुनी दप्तरे चाळणाऱ्यालाही पत्राच्या मजकुराइतकीच ही कोपऱ्यातली अक्षरे उपयोगी पडतात. कागद कोठून कोठे फिरला, हे तीच सांगतात.

युक्तीच्या मर्यादा मात्र स्पष्ट आहेत. अधिकचे चिन्ह आणि त्यापुढचा शब्द पुसून मूळ पत्ता काढणे संगणकाला क्षणाचे काम आहे. म्हणून मूळ पत्ता मी केवळ माणसांना देतो. त्यावर एखाद्या कंपनीचे पत्र आले, तर कोणी तरी खूण पुसली आहे हे ओळखावे. दुसरी अडचण अर्जांची. हे चिन्ह ई-मेलच्या मानकांनुसार वैध असूनही कितीतरी संकेतस्थळे ‘पत्ता अवैध’ म्हणून तो नाकारतात. ज्याने अर्ज रचला त्याला मानक ठाऊक नसते, आणि ज्याने मंजूर केला त्याला विचारायला वेळ नसतो. नोकरीत असताना अशाच एका अर्जाच्या मसुद्यावर मीही सही केली आहे. त्यातला ई-मेलचा रकाना सक्तीचा कशासाठी, हे विचारल्याचे मला आठवत नाही.

पण मुळात नागरिकाला असली हिकमत का लढवावी लागते? नकोशा दूरध्वनींसाठी आणि लघुसंदेशांसाठी आपल्याकडे ‘ट्राय’चे २०१८ चे विनियम आहेत, १९०९ हा क्रमांक आहे. ई-मेल त्या कक्षेत येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्ये त्रासदायक आणि उगम लपवणाऱ्या ई-मेलचा उल्लेख होता. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल प्रकरणात संपूर्ण रद्द केले. अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी ते आवश्यकच होते. परंतु नकोशा ई-मेलसाठी स्वतंत्र कायदा त्यानंतर झाला नाही. घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांनी एका कळीत नोंदणी रद्द करण्याची सोय द्यावी, ही सक्ती २०२४ मध्ये आली ती गूगल आणि याहूकडून. भारतीय नागरिकाला मिळालेले हे संरक्षण संसदेने दिलेले नाही, आणि त्या कंपन्यांना वाटेल तेव्हा ते काढूनही घेता येईल.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ चा आहे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे तो म्हणतो. आपली विदा आणखी कोणाला दिली, त्यांची नावे मागण्याचा हक्कही त्यात आहे. त्याचे नियम अधिसूचित झाले तेही त्याच नोव्हेंबरात, पण मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत देऊन. याच कायद्यात नागरिकाची कर्तव्येही आहेत: खोटी वा क्षुल्लक तक्रार केल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मग सामान्य माणसाने आपली विदा कोणाकडून फुटली हे दाखवावे कसे? नाव, दूरध्वनी, जन्मतारीख ही सगळीकडे सारखीच असतात. खूण केलेला पत्ता हा त्याच्या हातातला जवळजवळ एकमेव दुवा आहे. खूण नाकारणारा अर्ज तो दुवाही काढून घेतो. सरकारी संकेतस्थळांनी तरी असा पत्ता स्वीकारलाच पाहिजे, असे एक परिपत्रक काढण्यास कायदादुरुस्ती लागत नाही.

प्रयोगशाळेला मी लेखी विचारणा केली. ‘आम्ही ग्राहकांची माहिती कोणालाही देत नाही’, असे दोन ओळींचे उत्तर आले. तिने माहिती विकली, असा माझा आरोप नाही. ती चोरीला गेली असेल, किंवा अहवाल पाठवण्याचे काम ज्या कंत्राटदाराकडे आहे त्याच्याकडून निसटली असेल. खूण केवळ दार दाखवते, आत कोण शिरले ते सांगत नाही. कंत्राटदाराचे नाव विचारणारे दुसरे पत्र पाठवले, त्याला उत्तर नाही. त्या पत्त्यावरचे टपाल आता वेगळ्या कप्प्यात जाते. मी ते नष्ट करत नाही, महिन्यातून एकदा उघडून पाहतो. गेल्या महिन्यात तेथे मधुमेहाच्या औषधांच्या चार जाहिराती होत्या. रक्त मी तपासले होते ते मधुमेहासाठीच.