देऊन पाहू

मुळशी तालुक्यात घोटावड्याच्या शिवारात, गट नंबर ११५६ मध्ये, लुपिन कंपनीचा जैवतंत्रज्ञान विभाग आहे. त्या बाजूनं माझं जाणं-येणं वर्षानुवर्षांचं. पण आत काय बनतं याची चौकशी मी करू लागलो ती मावसभावाच्या आतड्यामुळे.

त्याला पोटाचा टीबी म्हणून गोळ्या सुरू झाल्या. दुर्बीण नाही, तुकडा तपासणं नाही. वजन उतरतंय, संध्याकाळी कणकण येते, पोटात उजवीकडे खाली दुखतं, एवढ्यावर. ‘देऊन पाहू’ असं सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी लघवी केशरी-लाल. मावशी म्हणाली, उष्णता बाहेर पडतेय. तो रिफाम्पिसिनचा रंग होता. सहा महिन्यांचा कोर्स संपला, दुखणं संपलं नाही. मग निदान निघालं क्रोन्स, म्हणजे आतड्याचा जुनाट दाह. तेव्हापासून या दोन आजारांच्या भाऊबंदकीनं मला पछाडलंय.

क्रोन्सला नाव मिळालं तेच मुळी टीबीला बाजूला सारून. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी १९३२ मध्ये १४ रुग्णांवर निबंध छापला. टीबी नाहीच, याची खात्री करायला त्यांनी गिनीपिगनाही कामाला लावलं होतं. लेखकांची नावं आडनावांच्या अक्षरक्रमानं लागली आणि आजार क्रोनच्या नावावर जमा झाला. आधीपासून त्यावर काम करणाऱ्या गिन्झबर्गच्या मनात हे कायम सलत राहिलं. या रुग्णांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या बर्ग यांनी तर आपण निबंध लिहिलेला नाही म्हणून नाव लावूच दिलं नाही. लावलं असतं तर आज आपण ‘बर्गचा आजार’ म्हणत असतो!

मला मात्र जास्त ओढ आहे ती ग्लासगोच्या केनेडी डॅलझील या सर्जनची. त्याचा निबंध १९१३ चा, म्हणजे क्रोनच्या १९ वर्षं आधीचा. आजारी आतडं हाताला कसं लागतं हे सांगताना तो मरून ताठरलेल्या वाम माशाची उपमा देतो. वाम हातात धरलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही. पुढे तो थेट गोठ्यात शिरतो. गुरांना योन नावाचा रोग होतो: जुलाब लागतात, जनावर खंगत जातं आणि आतड्यात टीबीच्या जंतूचा चुलतभाऊ सापडतो. डॅलझीलला माणसाच्या आतड्यात तो जंतू सापडला नाही. ते त्यानं कबूल केलं आणि तरीही सूक्ष्मदर्शकाखालचं साम्य पाहता दोन्ही रोग एकच असू शकतील, असं लिहून टाकलं. १९८४ मध्ये अमेरिकेत किओडिनी आणि सहकाऱ्यांनी क्रोन्सच्या मोजक्या रुग्णांमधून तोच जंतू वाढवून दाखवला. वाद अजून मिटलेला नाही. पुरावा नसताना तसं सांगून शंका उघड मांडणारा हा माणूस मला १९३२ च्या निबंधकर्त्या तिघांपेक्षा मोठा वाटतो.

आपल्याकडे हा वाद रोजच्या ओपीडीतला आहे. दोन्ही आजारांचं आवडतं ठिकाण एकच, लहान आतडं मोठ्याला मिळतं ते. दोन्हींत ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींच्या गाठी. दिल्लीच्या एम्समधल्या टंडन आणि प्रकाश यांनी १९७२ मध्येच फरक मांडला. टीबीच्या गाठी मोठ्या, एकमेकींत मिसळलेल्या. व्रण बहुधा आडवे. क्रोन्सचे व्रण उभे, मध्येमध्ये निरोगी आतडं सोडून. पण सगळेच रुग्ण पुस्तकाप्रमाणे वागत नाहीत. जंतू वाढवून पाहण्याला, म्हणजे कल्चरला, आठवडे लागतात, तरी अनेकदा हाती काही येत नाही. म्हणून डॉक्टर गोळ्या ‘देऊन पाहतात’, आणि टीबी असेल तर त्यांनी तो बराही होतो. नसेल तर? एम्सच्याच संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की क्रोन्सच्या रुग्णाला या गोळ्या दिल्यानं पुढे आतडं आकसण्याचा धोका वाढतो. आजार आत चालूच राहतो.

उलटी चूक त्याहून भयंकर. क्रोन्सवर १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध टीएनएफ नावाचा दाह पेटवणारा रेणू अडवतं. पण टीबीच्या जंतूला कोंडून ठेवणारी तटबंदीही टीएनएफच्याच जिवावर उभी असते. २००१ मध्ये या औषधानंतर टीबी उसळलेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली.

आता पुन्हा घोटावड्याकडे. लुपिन वाढली ती टीबीच्या औषधांवर. तिच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या एटानरसेप्ट या इंजेक्शनला २०१९ मध्ये जपाननं मान्यता दिली. तेही टीएनएफच अडवतं, आणि संधिवातात उत्तम चालतं. माझ्या मनात आशा पालवली: भावाचं औषध घराजवळच! पण २००१ मध्येच ४३ रुग्णांवर मूळ एटानरसेप्ट क्रोन्ससाठी तपासून झालं होतं, आणि खोटं इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा काही सरस ठरलं नव्हतं. इन्फ्लिक्सिमॅब पेशींच्या अंगावरच्या टीएनएफलाही घट्ट चिकटतं, एटानरसेप्ट मुख्यतः मोकळा फिरणारा पकडतं. फरक तिथे असावा असं मानतात. संधिवातावरचं इंजेक्शन क्रोन्सला चालेलच असं नाही, हे मला इतक्या वळणांनी कळलं.

घरात कुणाला ‘पोटाचा टीबी असावा’ असं सांगितलं, तर पहिल्या गोळीआधी विचारा: तुकडा काढला का, कल्चरला पाठवला का? आणि गोळ्या सुरू झाल्याच, तर पुन्हा दुर्बीण कधी, ती तारीख फाइलवर लिहून घ्या.