स्वपक्षसमर्थन आणि न्यायालयाची भाषा

वकिलाची मध्यस्थी न घेतां आपली बाजू आपणच मांडण्याची मोकळीक पक्षकारास आहे. परंतु ती कोणत्या भाषेंत मांडावयाची, हें ठरविणें त्याच्या हातीं नसतें. या दोहोंमधील अंतर किती मोठें असूं शकतें, हें लोकमान्य टिळकांवरील १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यावरून स्पष्ट दिसतें. त्याचें राजकीय विवेचन पुष्कळ झालें आहे. येथें केवळ भाषेच्या अंगानें त्याचा विचार आम्ही करणार आहों.

‘केसरी’तील ‘देशाचें दुर्दैव’ (१२ मे) व ‘हे उपाय टिकाऊ नाहींत’ (९ जून) हे लेख आरोपाच्या मुळाशीं होते. मुंबई हायकोर्टांत न्या. दावर यांजपुढें १३ जुलै रोजीं सुनावणी सुरू झाली. ज्यूरीच्या नऊ सभासदांपैकीं सात युरोपियन व दोन पारशी होते. मराठी मातृभाषा असलेला एकही नव्हता. लेख मराठी, लेखक मराठी, वाचकही मराठी. निर्णय देणारे मात्र इंग्रजी भाषांतरावर विसंबणारे, असा हा प्रकार होता.

टिळकांनीं आपला बचाव स्वतःच केला. ते एल्एल्. बी. होते, इंग्रजी व संस्कृत या दोन्ही भाषांवर त्यांचें प्रभुत्व होतें. तरीही सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेऊन मूळ शब्दांचा अर्थ त्यांस लावून दाखवावा लागला, आणि त्यांचें भाषण सुमारें २१ तास चाललें. २२ जुलै रोजीं सात विरुद्ध दोन मतांनीं ते दोषी ठरले. सहा वर्षें काळें पाणी व एक हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. केवळ भाषांतरामुळें निकाल असा लागला, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु आरोपीस अपराधाचें उत्तर देण्यापूर्वीं शब्दांचें उत्तर द्यावें लागलें, हें निर्विवाद आहे.

एका शब्दावर किती अवलंबून असतें, याचें उदाहरण त्यांच्या १८९७ च्या खटल्यांत सांपडतें. कलम १२४-अ मधील ‘डिसअफेक्शन’ म्हणजे ‘अफेक्शन’चा अभाव, असें न्या. स्ट्रेची यांनीं ज्यूरीस सांगितलें. आपण त्यास ‘अप्रीति’ म्हणूं. संस्कृत वैयाकरण नञ्‌चे सहा अर्थ मानितात: ‘अपाप’ यांत अभाव आहे, तर ‘अधर्म’ यांत विरोध आहे. अप्रीतींत अभाव मानला, तर सरकारविषयीं प्रेम नसणें हाच गुन्हा होतो. विरोध मानला, तर वैरभाव सिद्ध करावा लागतो. पुढें १८९८ मध्यें कायदा दुरुस्त करून त्यांत वैरभावाचा स्पष्ट उल्लेख झाला.

आज स्थिति बरीच पालटली आहे. महाराष्ट्रांतील कनिष्ठ न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेनें, कांहीं अपवाद वगळतां, मराठी झाली. उच्च न्यायालयांत मात्र राज्यघटनेच्या कलम ३४८ अन्वयें इंग्रजीच चालते. सर्वोच्च न्यायालयांत १९७० मध्यें राजनारायण यांनीं हिंदींत युक्तिवाद करण्याचा आग्रह धरला. इंग्रजींत बोलावें, वकिलास बोलूं द्यावें, किंवा इंग्रजींत लेखी म्हणणें द्यावें, असे तीन मार्ग न्यायालयानें सुचविले. ते त्यांनीं न स्वीकारल्यामुळें त्यांस दिलेली परवानगी रद्द झाली. प्रतिपक्षासही समजेल अशा भाषेंत वाद चालावा, ही न्यायालयाची अडचण खोटी नव्हे. परंतु तिचा भार एकट्या पक्षकारानें कां वाहावा?

आमचा एक जुना विद्यार्थी, शेतकरी, जमिनीच्या दाव्यांतील इंग्रजी निकालपत्र घेऊन आमच्याकडे आला होता. त्या जमिनीचा बांध न् बांध त्यास ठाऊक. कागद पुढें करून तो म्हणाला, “मास्तर, जिंकलों कीं हरलों, एवढेंच सांगा.” तो हरला होता. तें सांगण्यास आम्हांस क्षणभरही लागला नाहीं. कां हरला, हें मराठींत समजावून देण्यास सबंध सायंकाळ लागली.

सर्वोच्च न्यायालयाचे कांहीं निकाल अलीकडे मराठींत मिळूं लागले आहेत, हें स्तुत्य आहे. तथापि केवळ निकालाचें भाषांतर पुरेसें नाहीं. जो स्वतः उभा राहतो, त्यास वादाच्या आरंभापासूनच विश्वसनीय दुभाषी मिळाला पाहिजे. टिळकांस भाषांतरांतील दोष दाखवितां आला. ज्यास इंग्रजी येतच नाहीं, त्यास दोष आहे हेंही कळणार नाहीं.